शेवटच्या खांबापर्यंत

"हाच तो! हाच तो ओरडणारा!"

वहिनी लाकडाच्या वखारीच्या मधोमध उभी राहून भिंतीकडे बोट दाखवत होती. करवत चालू होती, त्यामुळे ती काय म्हणतेय ते तिचं तिलाच ठाऊक. भिंतीवर तर माणूस नव्हताच. एक जुनी लाकडी पाटी होती, तिला चार भोकं आणि तुटक्या वायरीचं एक शेपूट. पाटीपासून हातभर अंतरावर करवतीचं भलंमोठं चाक गरगरत होतं.

वखारवाल्यानं यंत्र बंद केलं तेव्हा कुठे मला उलगडा झाला. त्या पाटीवर पूर्वी फोन होता.

"इथला फोन आला की मी कानावरचं यंत्र काढून लांब धरायची," वहिनी त्याला सांगत होती. "वाटायचं, काय उद्धट माणूस आहे! नंबर मागताना भांडायला उठल्यासारखा. एकदा तर मी सुनावलंही होतं, 'अहो, मी बहिरी नाही!'"

वखारवाला हसला. "ते माझे वडील. घरी एकदम गरीब माणूस, भाजीत मीठ कमी पडलं तरी बोलायचे नाहीत. पण इथं ओरडल्याशिवाय त्यांचं त्यांनाच ऐकू जायचं नाही."

वहिनीचा चेहरा एवढासा झाला. पाटीवरचा भुसा तिनं पदरानं पुसला आणि म्हणाली, "उगाच बोलले हो मी त्यांना." वडील जाऊन बरीच वर्षं झाली होती. तरी वखारवाल्यानं आम्हांला बसायला फळी दिली, पाणी दिलं, आणि फोनच्या तारेचा पुढचा खांब कुठे होता ते स्वतः येऊन दाखवलं.

माझी वहिनी म्हणजे माझ्या धाकट्या भावाची बायको. नोकरी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये. तुम्ही फोन उचलायचा, वहिनीनं "नंबर?" म्हणायचं, तुम्ही नंबर सांगायचा, वहिनीनं दोरीसारखी वायर या भोकातून त्या भोकात खुपसायची आणि म्हणायचं, "बोला." दोनच शब्द. तिसरा बोलली तर मागे बसलेल्या साहेबीणबाई खाकरायच्या. आमच्या खोऱ्यातली सगळी गावं त्या एका लांब टेबलावर भोकांच्या रूपात होती. एकेका तारेवर पाच-सहा ठिकाणं असायची, घंटा सगळीकडे एकदमच वाजायची, म्हणून ज्याची त्याची घंटा वेगळी. वखारीची दोन लांब. शेवटच्याची एक लांब, दोन आखूड.

हा शेवटचा म्हणजे पाणी-खात्याच्या चौकीवरचा माणूस. नदीची पातळी किती ते तो सकाळ-संध्याकाळ कळवायचा. तारेवर त्याचा नंबर सगळ्यांत शेवटी होता, म्हणून एक्स्चेंजमधल्या बाया त्याला नुसतं 'शेवटचे' म्हणायच्या. "शेवटचे आज सर्दीत आहेत," "शेवटच्यांचा आवाज आज खुशीत होता," असं आपसांत चालायचं. त्याला कुणी पाहिलं नव्हतं. पाहणार कधी? वहिनी त्या खुर्चीत जवळजवळ अर्धं आयुष्य बसली. खोऱ्यातलं प्रत्येक गाव तिला आवाजावरून ओळखू यायचं आणि त्यांतलं एकही तिनं पाहिलं नव्हतं.

मी मात्र चपला-बुटांच्या दुकानात कामाला होते, म्हणजे लोकांच्या पायांशी. त्यामुळे आमच्या घरी भाऊ म्हणायचा, "एकीला माणसाचा फक्त कान माहीत, दुसरीला फक्त टाच. मधला माणूस मीच काय तो बघतो."

तर त्या भावाची गोष्ट. लग्नाला वर्ष झालं असेल नसेल. भाऊ नदीकाठच्या कागद गिरणीत संध्याकाळच्या पाळीला होता. तीन दिवस पाऊस कोसळत होता. दिवेलागणीला शेवटच्यांचा फोन आला. त्यांनी नंबर मागितलाच नाही. "बाई," ते म्हणाले, "पाणी खुणेच्या वर गेलंय आणि चढतंय. वर कचेरीत मघापासून कुणी उचलत नाही. आता तुम्हीच. लाईन सोडू नका. मी बघून सांगतो, तुम्ही लोकांना सांगत राहा."

वहिनीनं लाईन सोडली नाही. एका भोकात शेवटचे आणि दुसऱ्या भोकात पाळीपाळीनं नदीकाठचं एकेक घर, दुकान, शाळा. पहिला फोन मात्र तिनं गिरणीला लावला. नियमानं आधी दवाखाना यायला हवा होता, पण नवरा गिरणीत होता. दवाखाना दुसरा. त्या रात्री पाण्यानं गिरणीचं छप्पर नेलं, पण आत माणूस नव्हता. मग तार तुटली. खात्यानं आपली तार पुन्हा जोडलीच नाही, शेवटच्यांचा आवाज जो गेला तो गेलाच, आणि बऱ्याच वर्षांनी शहरात आपोआप लागणारे फोन आले तेव्हा वहिनीला बिलाच्या खिडकीत बसवलं. आभार मानायचे राहिले. उद्या शोधू, परवा शोधू करता करता मुलं मोठी झाली. माणसाचं असंच असतं, भांडण आजच्या आज होतं आणि आभार सवडीनं.

भाऊ मागच्या वर्षी गेला, घरच्या अंथरुणात, सगळ्यांशी बोलून. आणि या वर्षी वहिनीचे कान. डावा, ज्यावर आयुष्यभर एक्स्चेंजचं यंत्र लावलं, तो आधीच गेला होता. उजवाही निघाला. डॉक्टर म्हणाले, थंडीपर्यंत कसाबसा साथ देईल. कानात घालायचं यंत्र आणून पाहिलं, तर वहिनी म्हणाली, "आवाज मोठा होतो, पण माणूस ओळखू येत नाही."

त्याच दिवशी संध्याकाळी ती मला म्हणाली, "वन्सं, मला शेवटच्यांचा आवाज एकदा ऐकायचाय. कान आहे तोवर. आणि आभार मानायचेत."

"अगं, तो माणूस आहे की नाही ते तरी ठाऊक आहे का?"

"नसेल तर तसं कळेल. पण बघायला नको?"

पाणी-खात्याची कचेरी केव्हाच बंद पडली होती. तेव्हा आम्ही वहिनीच्या जुन्या लाईनमनला गाठलं. आता त्याचा सगळा दिवस कुंड्यांतल्या मिरच्यांना पाणी घालण्यात जायचा. तो म्हणाला, "रस्त्यानं जाऊ नका, रस्ता वळसे घेतो. खांब धरून चाला. खांब नसेल तिथे बुंधा असेल, बुंधा नसेल तिथे खड्डा असेल. तार नाकासमोर जाते. जिथे वळली असेल तिथे थांबून विचारा, का वळली. तलावापर्यंतची तार माझी. पुढची खात्यानं स्वतः ओढलेली, तिकडचं मला विचारू नका."

"म्हणजे शेवटचे तलावावर," वहिनी म्हणाली. तारेवर जो शेवटी, तो सगळ्यांत लांब; एक्स्चेंजमधल्या माणसाला याखेरीज दुसरं काही सुचणंच शक्य नाही.

मी तिला आधी दुकानात नेऊन बूट घेऊन दिले. तिला लाल हवे होते, मी रुंद दिले. मग सुरू झाली आमची रविवारची पायपीट. मागच्या रविवारी जिथे सोडलं तिथवर बसनं जायचं आणि पुढच्या खांबांच्या मागे लागायचं. पहिल्या रविवारी मी भरपूर कुरकुर केली. चिखल, काटे, कुत्री, आणि बांधांवरून चढउतार. माझ्या गुडघ्यांनी तर संपच पुकारला होता. पण वखारीच्या त्या पाटीनंतर मी गप्प बसले. वाटलं, ही बाई नुसती चालत नाहीये, आयुष्यभर ऐकलेल्या गोष्टींचे चेहरे बघतेय. ते बघायला आपल्याला फुकटात मिळतंय.

एका ठिकाणी खांबांची ओळ सरळ जाता जाता एका सपाट शेताला वळसा घालून गेली होती. ना खडक, ना दलदल. बांधावर एक म्हातारी शेळ्या राखत होती. वहिनीनं विचारलं, "आजी, तार इथं का वळवली हो?"

"खाली घरं आहेत म्हणून."

आम्ही खाली बघितलं. गवत होतं.

"जुनं गाव," म्हातारी म्हणाली. "आमच्या पणज्याच्या वेळी नदीनं नेलं. मग सगळे वर टेकाडावर राहायला गेले. अजून नांगराला चुलीचे दगड लागतात. खांब रोवायला माणसं आली तेव्हा आमच्या आजोबांनी अडवलं. म्हणाले, 'बाबांनो, कुणाच्या तरी स्वयंपाकघरात खांब रोवताय.' ते बिचारे ऐकून बाजूनं गेले."

वहिनीनं तिला पुन्हा सांगायला लावलं, उजवा कान पुढे करून. मग आम्ही दोघींनीही ते शेत बाजूनंच ओलांडलं. परवानगीशिवाय लोकांच्या स्वयंपाकघरातून कसं जायचं?

पुढच्या गावात जुना दगडी पूल होता. त्याच्या खांबावर आडव्या रेघा कोरलेल्या होत्या, एकेका पुराची एकेक. खालच्या रेघा झिजून बोटालाच तेवढ्या कळत होत्या. सगळ्यांत वरची रेघ आमच्या पुराची. मी तिच्याखाली उभी राहिले आणि हात वर केला, तर हातही पोचला नाही. तिथे मला एकदम रडू फुटलं. कागद गिरणी या पुलाहून खालच्या अंगाला होती. भाऊ त्या रेघेखाली राहिला असता तर पुढचं काहीच झालं नसतं. त्याची मुलं झाली नसती. आणि माझा नवरा गेल्यावर, पिशवीभर कपडे घेऊन मी ज्या दारात उभी राहिले, ते दारच नसतं. भावानं तेव्हा काही विचारलं नाही, वहिनीनंही नाही. तिनं फक्त माझ्या हातातली पिशवी घेतली. माझ्या डोक्यावरचं छप्परसुद्धा त्या शेवटच्या माणसाच्या एका फोनवर उभं आहे, हे मला इतक्या वर्षांत पहिल्यांदा कळलं.

"काय झालं, वन्सं?" वहिनीनं विचारलं.

"काही नाही. तुझ्या त्या माणसाला शोधायचंच," मी म्हणाले. त्यानंतर मी कुरकुर केली ती फक्त सवय मोडू नये म्हणून.

पावसाळा मागे पडला होता आणि गवत पिवळं पडायला लागलं होतं, तेव्हा आम्ही तलावावर पोचलो. मी बूट काढून पाणी बघत बसले. वहिनी काठानं फिरली. चौकी नव्हती. चौकीचा पायासुद्धा नव्हता. एक मासे धरणारा होता, तो म्हणाला, इथं कधीच कुणी राहत नव्हतं, माझा जन्म इथला.

वहिनी एका दगडावर बसली. वाटेत ती दोनदा माझ्या हाकेला वळली नव्हती. आणि आता मी बोलत होते तर ती माझ्या ओठांकडे बघत होती, कानानं ऐकत नव्हती. "उशीर केला मी," ती म्हणाली. "फार उशीर केला."

मी इकडेतिकडे बघत राहिले. आणि तिच्या खांद्यावरून मला दिसलं, तलावामागच्या डोंगराच्या अंगावर एक गंजका लोखंडी खांब, त्याच्या वर दुसरा.

"वहिनी, तार संपलेली नाही."

"तिकडे? पण तिकडे तर काहीच नाही. ती तर उलटी दिशा."

"तुझा लाईनमन काय म्हणाला? जिथे वळली असेल तिथे थांबून विचारा. मासेवाल्याला काही ठाऊक दिसत नाही, तर आपणच जाऊन बघू."

पुढच्या रविवारी आम्ही उजाडताच निघालो. हे खांब लाकडी नव्हते, लोखंडी, खात्याचे. ते डोंगराच्या कडेकडेनं चढत गेले. खाली खोल दरीतून नदी वळत होती. मी नदीकडे बघता बघता चालत होते, आणि माझ्या डोक्यात काहीतरी भलतंच शिजायला लागलं. रस्त्याबरोबर आणि नदीबरोबर आपण इतके रविवार गोल गोल आलो. नदी हा डोंगर वेढून जाते. मग डोंगराच्या पलीकडे काय असणार?

खिंडीत पोचलो तेव्हा ऊन उतरलं होतं. खाली एक शहर पसरलेलं होतं. पाण्याच्या टाक्या, शाळेचं लांबट छप्पर, एक्स्चेंजची पिवळी इमारत. आणि एका गच्चीवर वाळत घातलेलं निळं पांघरूण.

"ते बघ," मी म्हणाले. "ते मी सकाळी वाळत टाकलं."

वहिनीनं डोळ्यांवर हात धरून बघितलं. मग तिला हसू आवरेना, आणि मलाही. काखेत कळसा नि गावाला वळसा! सगळं खोरं पालथं घातलं, आणि शेवटी निघालो कुठे, तर स्वतःच्याच घराच्या डोक्यावर. तार तलावापर्यंत गेली होती आणि तिथून डोंगरावरून परत फिरून आमच्याच माथ्यावर येऊन संपली होती. तारेवर शेवटचा, आणि पायांनी मात्र शेजारी.

खिंडीच्या जरा खाली शेवटचा खांब होता. त्याला लागून दोन खोल्यांचं दगडी घर, दारावर एक दिवा. तो दिवा वहिनी तिच्या लग्नापासून आणि मी त्या घरात आल्यापासून बघत आलो होतो. स्वयंपाकघराच्या खिडकीतून दिसायचा. कसल्याशा मनोऱ्याचा असेल म्हणून कुणी विचार केला नव्हता. "डोंगरावरचा लागला, आता जेवणाला लागा," एवढाच त्याचा आमच्या घरात उपयोग.

दारात एक म्हातारा बाकावर बसून शेंगा सोलत होता. बुटांच्या टाचा एकाच बाजूनं झिजलेल्या, म्हणजे आयुष्यभर उतारावर चाललेला. मी विचारलं, "तुम्ही पाण्याच्या चौकीवर होता का हो?"

"होतो. चौकी गेली, मी राहिलो. त्यांना म्हटलं, घर मोडू नका, मी भाडं देतो. तुम्ही कोण?"

"या एक्स्चेंजमधल्या. पुराच्या वेळी यांनीच..."

म्हाताऱ्याच्या हातातून शेंग सुटली. तो उठून उभा राहिला, धोतरावरची सालं न झाडताच, आणि वहिनीकडे बघत म्हणाला, "नंबरवाल्या बाई?"

वहिनीला ते ऐकू गेलं नाही. तिनं माझ्याकडे बघितलं. मी तिच्या उजव्या कानाशी तोंड नेऊन सांगितलं. तिनं मान हलवली, हो.

मग तो बोलत राहिला आणि मी मध्ये बसून एकेक वाक्य तिच्या कानात घालत राहिले. आठवड्यातून एकदा सामान घेऊन माणूस यायचा, बाकी कुणी नाही. सकाळ-संध्याकाळ तुमचं ते 'बोला' ऐकलं की वाटायचं, आपण माणसांतच आहोत. त्या संध्याकाळी घरामागच्या दरीत नदीचा काठ खचत होता. पळून जावंसं वाटलं होतं, खोटं कशाला बोलू. पण प्रत्येक वेळी कंदील घेऊन खाली जाऊन वर आलो की तुम्ही म्हणायचात, 'आहे मी, बोला.' मग पुन्हा खाली जायचो. आभार तुमचे, बाई. तुम्ही नसता तर मी पळालोच होतो.

मी सांगत होते, आणि मध्येच वहिनीनं माझा हात धरून मला थांबवलं.

"वन्सं, तुमचा आवाज मला पाठ आहे. मला त्यांचा हवाय."

ती उठली, बाकावर त्याच्या अगदी शेजारी जाऊन बसली आणि केस मागे सारून उजवा कान त्याच्या तोंडापाशी नेला. म्हातारा गडबडला. त्यानं माझ्याकडे बघितलं, रुमालानं तोंड पुसलं, घसा साफ केला. मग हळूच म्हणाला, "बाई, लाईन सोडू नका."

वहिनीनं डोळे मिटले. "पुन्हा," ती म्हणाली.

"लाईन सोडू नका. मी बघून सांगतो."

"हाच," वहिनी म्हणाली. तिच्या गालांवरून पाणी ओघळत होतं आणि ती पुसत नव्हती. "हाच तो आवाज. दादा, तुमच्यामुळे माझा नवरा घरी आला. म्हातारा होऊन गेला. दोन मुलं झाली. या वन्सं मला मिळाल्या. सगळं तुमच्यामुळे. सांगायला फार उशीर झाला."

तो तिच्या कानात काहीतरी म्हणाला. ते मला ऐकू आलं नाही, आणि मी विचारलंही नाही. दुसऱ्यांचं बोलणं ऐकायचं नाही, हा तिच्याच नोकरीतला नियम.

उतरायला आम्हांला तासभरही लागला नाही. चांगली पायवाट होती, थेट आमच्या गल्लीच्या तोंडाशी येणारी. निघताना त्यानं ओंजळभर सोललेल्या शेंगा दिल्या आणि त्या दोघांचं खाणाखुणांनी काहीतरी ठरलं, दिव्याकडे आणि खाली आमच्या घराकडे बोट दाखवून.

डॉक्टरांचं म्हणणं खरं ठरलं. थंडी पडली तशी वहिनीच्या उजव्या कानानंही निरोप घेतला. आता मी पाटीवर लिहून बोलते, आणि ती माझ्या अक्षराला हसते. तशी तिची काही तक्रार नाही. म्हणते, शेवटचं जे ऐकायचं होतं ते ऐकून झालं, त्यानंतर तुमची कुरकुर ऐकली तेवढी बोनस.

काल दिवेलागणीला मी भाजी चिरत होते. वहिनी खिडकीशी उभी होती. डोंगरावरचा दिवा लागला. तिनं भिंतीवरचं आमच्या दिव्याचं बटण धरलं. एकदा बराच वेळ विझवून लावला, मग दोनदा झटपट. एक लांब, दोन आखूड. आणि वाट बघत राहिली.

वर डोंगरावरचा दिवा विझला आणि पुन्हा लागला.

"उचलला," वहिनी म्हणाली, आणि पदर सावरून खुर्ची खिडकीशी ओढून बसली.